परतीची वाट आधी, ओपनडब्ल्यूआरटी नंतर

माझ्या टेबलाच्या खणात एक राउटर पडून आहे. वीज दिली की सुरू होतो, दिवे लागतात, केबलवरून इंटरनेटही नीट देतो. वायफाय मात्र शेजारच्या खोलीतसुद्धा पोचत नाही. हे माझ्याच हातून झालं. ओपनडब्ल्यूआरटी (राउटर चालवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे फर्मवेअरच्या, जागी टाकायचं लिनक्सवरचं खुलं फर्मवेअर) टाकताना मध्येच अडकले, घाईघाईने अख्खी फ्लॅश चिप, जिथे हे फर्मवेअर साठवलेलं असतं, ती पुसली आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरमधून काढलेली फाइल तिच्यात भरली. राउटर जिवंत झाला, पण त्याच्या रेडिओची मापं कायमची गेली. शिवाय दोन राउटरांचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवर यंत्राची ओळख पटवणारा क्रमांक, एकच झाला. दोघांना एका नेटवर्कवर लावल्यावर जोडण्या आलटून पालटून तुटायला लागल्या, तेव्हा कुठे मला कारण कळलं.

ही मापं काय असतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती फिरतं. राउटरच्या फ्लॅशचे भाग पाडलेले असतात: बूटलोडर (वीज दिली की सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम), त्याच्या सेटिंग, कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि फाइलसिस्टिम. यातच एक इवलासा भाग असतो, बहुधा ६४ केबीचा. अथेरॉस चिपच्या राउटरांत त्याचं नाव एआरटी, मीडियाटेकच्या राउटरांत बहुतेक वेळा फॅक्टरी. कारखान्यात त्या एका बोर्डाचा रेडिओ तपासून, कुठल्या चॅनेलला किती शक्ती द्यायची याचे जे आकडे निघतात ते इथे लिहिलेले असतात. मॅक पत्ताही बरेचदा इथेच असतो. बाकी बहुतेक सगळं इंटरनेटवरून पुन्हा मिळतं. हा भाग जगात फक्त त्या एका बोर्डावर असतो, आणि त्याची प्रत तुम्ही घेतली नसेल तर ती कुणाकडेच नसते.

राउटरच्या वेब पानावर फाइल चढवायची, बटण दाबायचं आणि वाट बघायची, हा नेहमीचा मार्ग. पुष्कळदा तो चालतोही. मी मात्र आता प्रत्येक राउटरला वेगळ्या क्रमाने हात लावते: आधी सिरियल पोर्ट (बोर्डावरची, राउटरशी थेट मजकुरातून बोलायची जोडणी), मग नवं फर्मवेअर रॅममधून चालवून बघणं, मग प्रत काढणं, आणि फ्लॅशवर लिहिणं सगळ्यात शेवटी. दीड-दोन तास जास्त लागतात. तेवढा वेळ द्या.

राउटर नक्की कोणता आहे?

खोक्यावरचं नाव पुरेसं नाही. राउटर उलटा करा आणि खालच्या स्टिकरवर मॉडेलच्या पुढे व्ही१, व्ही२ असं काय लिहिलंय ते वाचा. हा आकडा किती महत्त्वाचा आहे याचा दाखला या प्रकल्पाच्या जन्मातच आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स आहे हे लक्षात आलं, जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यानुसार २००३ साली त्याचा सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्या कोडावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. पण २००५ मध्ये आलेल्या त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स ही बंदिस्त प्रणाली घातली गेली, फ्लॅश ४ एमबीची २ एमबी झाली आणि रॅम १६ एमबीवरून ८ एमबीवर आली. बाहेरून तेच नाव, आत वेगळं यंत्र. लिनक्स हवं असलेल्यांसाठी मग डब्ल्यूआरटी५४जीएल नावाचं वेगळं मॉडेल निघालं.

तेव्हा मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही घेऊन ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर तक्त्यात शोधा. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमच्या राउटरांचा आधार केव्हाच संपलाय. ८ आणि ६४ वालेही आता जेमतेम चालतात. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम असेल तरच कामाला लागा. त्या राउटरचं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सिरियलच्या पिना कुठे आहेत, बूटलोडर थांबवायला काय दाबायचं, रॅमच्या कुठल्या पत्त्यावर फाइल उतरवायची, हे सगळं तिथे मिळतं. पानच नसेल तर तो राउटर पहिल्या प्रयोगाला घेऊ नका.

तीन प्रकारच्या फाइल दिसतील. फॅक्टरी म्हणजे मूळ फर्मवेअरच्या वेब पानातून चढवायची (फ्लॅशमधल्या फॅक्टरी भागाशी हिचा संबंध नाही), सिसअपग्रेड म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी चालू असताना त्यावर टाकायची आणि इनिटरॅमएफएस म्हणजे नुसती रॅममधून चालणारी. आपल्याला शेवटच्या दोन लागतील. उतरवल्यावर एसएचए२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघायला विसरू नका.

सिरियल पोर्ट

खोकं उघडण्याआधी एक गोष्ट तपासा. वीज बाहेरच्या अडॅप्टरमधून १२ व्होल्टने येत असेल तर आत हात घालायला भीती नाही. पॉवर सप्लाय खोक्याच्या आतच असेल आणि भिंतीतली वायर थेट आत जात असेल, तर चालू असताना तो उघडायचा नाही. असे राउटर मी सोडून देते.

स्क्रू बहुधा रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली दडलेले असतात. बोर्डावर ओळीत चार भोकं किंवा चार पॅड शोधा. कधी शेजारी जे१, जेपी१ असं छापलेलं असतं, कधी काहीच नसतं. या चारांपैकी कोण कोण आहे ते मल्टीमीटर सांगतो.

वीज बंद ठेवून कंटिन्यूइटीवर लावा. एक टोक यूएसबी किंवा केबलच्या सॉकेटच्या धातूच्या आवरणाला, दुसरं एकेका पॅडला. जिथे बीप वाजेल तो ग्राउंड. मग मीटर डीसी व्होल्टवर आणा, काळं टोक ग्राउंडला धरा आणि राउटर चालू करा. एका पॅडवर ३.३ व्होल्ट सरळ येऊन स्थिर राहील, तो वीजपुरवठ्याचा. दुसऱ्या एकावर आकडा सुरुवातीच्या काही सेकंदांत वरखाली नाचेल, ३.३ वरून २.८, मग २.५, परत ३.३. तो टीएक्स, म्हणजे राउटर बोलतोय. मीटरला एवढ्या वेगाचे बिट दिसत नाहीत, त्यांची सरासरी दिसते, म्हणून आकडा असा हलतो. उरलेला तो आरएक्स, म्हणजे राउटर ऐकतो तो. पहिल्यांदा हा आकडा हलताना बघितला तेव्हा मला झालेला आनंद अजून तसाच होतो, प्रत्येक राउटरला.

टीएक्सवर ३.३ ऐवजी १.८ च्या आसपास व्होल्टेज दिसलं तर थांबा. काही नव्या चिपांचा सिरियल पोर्ट १.८ व्होल्टचा असतो, त्याला ३.३ चा अडॅप्टर जोडला तर पोर्ट जळू शकतो.

चार पिनांचं हेडर डाग देऊन कायमचं बसवा. वायर नुसत्या भोकांत अडकवून काम होतं, पण नेमक्या वेळी ती निसटते. भोकं आधीच कथिलाने भरलेली असतील तर थोडं नवं कथिल आणि फ्लक्स लावून वितळवा, मग शोषून घ्या. ग्राउंडचं भोक तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेलं असल्याने उशिरा तापतं. तिथे सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरावी लागते, जोर मात्र लावायचा नाही, जोर लावला की पॅड उखडतो.

यूएसबी-सिरियल अडॅप्टर सीपी२१०२, सीएच३४० किंवा एफटी२३२ चिपचा, कुठलाही चालतो. त्याच्यावर ३.३ आणि ५ असा जंपर असेल तर ३.३ वर आहे ना ते डोळ्यांनी बघा. फक्त तीन वायर जोडायच्या: ग्राउंड ग्राउंडला, राउटरचा टीएक्स अडॅप्टरच्या आरएक्सला आणि राउटरचा आरएक्स अडॅप्टरच्या टीएक्सला. वीजपुरवठ्याची चौथी पिन मोकळी सोडा. राउटरला त्याचा स्वतःचा अडॅप्टर आहे, दोन बाजूंनी वीज दिली तर काहीतरी बिघडणार.

संगणकावर पिकोकॉम किंवा मिनीकॉम हा सिरियल पोर्टशी बोलायचा प्रोग्रॅम उघडा. वेग ११५२०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद. लिनक्सवर पोर्ट उघडायला परवानगी नाही असं आलं तर आपल्या युजरला डायलआउट गटात घाला (काही वितरणांत त्या गटाचं नाव यूयूसीपी आहे) आणि लॉगआउट करून परत या. दरवेळी रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होऊन चालवायची सवय लावून घेऊ नका.

आता राउटर चालू करा. ओळी धावायला लागल्या तर झालं. अक्षरांचा नुसता कचरा दिसला तर बॉड चुकलाय, ५७६०० लावून बघा, जुन्या रालिंक चिपांना तो लागतो. काहीच दिसलं नाही तर टीएक्स आणि आरएक्सची अदलाबदल करा. अक्षरं दिसतात पण टाइप केलेलं पोचत नाही, हा सगळ्यात चिवट प्रकार. आधी फ्लो कंट्रोल बंद आहे ना ते बघा. बंद असेल तर बोर्डावर आरएक्सच्या पॅडपासून चिपकडे जाणारी रेघ भिंगाने तपासा. वाटेत एखाद्या रेझिस्टरची जागा रिकामी ठेवलेली असते, तिथे कथिलाचा पूल करावा लागतो.

सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा हा लॉग फाइलमध्ये साठवा. त्यात फ्लॅशचा आकार, रॅम आणि प्रत्येक भागाचं नाव आणि पत्ता छापलेला असतो. मूळ फर्मवेअरचा हा लॉग नंतर परत मिळत नाही.

रॅममधून चालवून बघा

बहुतेक राउटरांत यू-बूट हा बूटलोडर असतो. एक-दोन सेकंदांची उलटी मोजणी चालू असताना कळ दाबली की तो थांबतो. टीपी-लिंकच्या बऱ्याच जुन्या राउटरांत टीपीएल ही तीन अक्षरं झटकन टाइप करावी लागतात. रालिंक आणि मीडियाटेकच्या अनेक राउटरांत आकड्यांचा मेनू येतो: १ म्हणजे टीएफटीपीवरून (नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत) रॅममध्ये, २ म्हणजे टीएफटीपीवरून फ्लॅशवर, ४ म्हणजे कमांड लाइन, ९ म्हणजे बूटलोडरच बदलणं. आपल्याला १ किंवा ४ हवाय. ९ च्या वाटेला जाऊ नका. बूटलोडर गेला तर सिरियलवरही काही येणार नाही.

संगणकावर टीएफटीपी सर्व्हर लागेल. डीएनएसमास्क या प्रोग्रॅममध्ये तो आहेच, एक फोल्डर दाखवला की झालं. नेटवर्क कार्डला यू-बूटमध्ये लिहिलेला सर्व्हरचा आयपी पत्ता द्या, म्हणजे बूटलोडरची एकही सेटिंग बदलावी लागत नाही. बदलावी लागलीच तर सेटएन्व्ह कमांडने बदला, पण साठवायची सेव्हएन्व्ह कमांड देऊ नका. साठवलं नाही तर वीज गेल्यावर सगळं जसंच्या तसं होतं, आणि आत्ता आपल्याला तेच हवंय.

केबल राउटरच्या लॅन पोर्टला लावा. मग टीएफटीपीबूट कमांडने इनिटरॅमएफएस फाइल राउटरच्या पानावर दिलेल्या पत्त्यावर उतरवा. हॅशच्या चिन्हांची रांग लागली तर फाइल येतेय. टी टी टी असं एकेक अक्षर उमटायला लागलं तर सर्व्हरपर्यंत निरोप पोचत नाहीये. त्याचं कारण निम्म्याहून जास्त वेळा माझ्याच संगणकाच्या फायरवॉलमध्ये निघालंय: यूडीपीचा ६९ नंबरचा पोर्ट बंद. दुसरं कारण जरा लपलेलं असतं. राउटर रीस्टार्ट झाला की केबलची लिंक जाते, संगणकाचा नेटवर्क मॅनेजर ठरवून दिलेला पत्ता काढून टाकतो, आणि तो परत यायच्या आत यू-बूट कंटाळून पुढे जातो. मध्ये एक छोटा स्विच लावला की संगणकाची लिंक टिकते आणि प्रश्नच उरत नाही.

फाइल उतरली की बूटएम कमांडने ती चालवा. थोड्याच वेळात ओपनडब्ल्यूआरटीचा शेल (कमांड द्यायची जागा) समोर येईल, आणि फ्लॅशवर अजून एक बिटही लिहिलेला नाही. इथे घाई करू नका. सगळे केबल पोर्ट एकेक करून तपासा. दोन्ही वायफाय रेडिओ दिसतात का, आसपासची नेटवर्कं स्कॅनमध्ये येतात का, बटणं आणि दिवे चालतात का बघा. काही चालत नसेल तर वीज काढा आणि परत लावा, मूळ फर्मवेअर जागच्या जागी आहे.

प्रत

याच शेलमध्ये प्रॉक फोल्डरखालची एमटीडी फाइल वाचा. फ्लॅशच्या प्रत्येक भागाचा क्रमांक, आकार आणि नाव त्यात मिळेल. हा तक्ता मी वहीत हाताने उतरवून घेते, एमटीडी० बूटलोडर, एमटीडी१ त्याच्या सेटिंग, अशा क्रमाने.

प्रत्येक भाग टीएमपी फोल्डरमध्ये कॉपी करा. हा फोल्डर रॅममध्येच असतो, तेव्हा जागा बघून दोन-तीन टप्प्यांत काम करा आणि संगणकावर आणल्यावर इथली फाइल पुसा. आणायला एससीपी (नेटवर्कवरून फाइल कॉपी करायची कमांड) वापरताना एक खड्डा आहे. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपी आतून एसएफटीपी ही दुसरी पद्धत वापरतं, आणि ओपनडब्ल्यूआरटीवरच्या ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरसोबत एसएफटीपीचा सर्व्हर येत नाही. कमांडला वजा चिन्ह आणि कॅपिटल ओ लावलं की ती जुन्या पद्धतीने जाते आणि फाइल येते.

नँड प्रकारची फ्लॅश असेल तर त्यात खराब ब्लॉक असू शकतात, म्हणून साध्या कॉपीऐवजी नँडडम्प वापरा. बाकी भाग मोठे असतील आणि कंटाळा आला तरी बूटलोडर, त्याच्या सेटिंग आणि एआरटी किंवा फॅक्टरी यांच्या प्रती घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता प्रत खरी आहे का ते बघा. प्रत्येक भाग दोनदा वाचा आणि दोन्ही वेळची एसएचए२५६ बेरीज जुळवा. मग एआरटीची फाइल हेक्सडम्पमध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. सगळीकडे एफएफ एफएफ दिसलं तर तुमच्या हातात कोरा कागद आला आहे, भाग चुकलाय किंवा आधीच कुणी पुसलाय. खऱ्या फाइलमध्ये मधूनमधून आकड्यांचे दाट पट्टे असतात आणि त्यांच्यामध्ये एफएफचं रिकामं रान. स्टिकरवरचा मॅक पत्ता त्यात शोधा. पुष्कळ अथेरॉस राउटरांत तो अगदी पहिल्या सहा बाइटमध्येच सापडतो. तिथे नसेल तर बूटलोडरच्या भागात शोधा, काही मॉडेलांत तो तिथे लिहिलेला असतो. हातातल्या स्टिकरवरच्या आणि पडद्यावरच्या, मॅक पत्त्याच्या सहाही जोड्या जुळल्या की मगच मी पुढचं पाऊल टाकते.

फाइलच्या नावात मॉडेल, आवृत्ती आणि मॅक पत्त्याचे शेवटचे सहा अंक घाला. नुसतं एआरटी नाव दिलं तर चार राउटरांनंतर कुठली कुणाची ते कळणार नाही. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

लिहिणं

हे आता दहा मिनिटांचं काम आहे. सिसअपग्रेडची फाइल टीएमपीमध्ये न्या, बेरीज तिथेही जुळवा आणि सेटिंग न ठेवण्याचा पर्याय, म्हणजे वजा एन लावून सिसअपग्रेड चालवा. फाइल या मॉडेलची नाही असं म्हणून त्याने नकार दिला तर तो खरं बोलतोय असं समजा. जबरदस्तीचा कॅपिटल एफ हा पर्याय राउटरच्या पानावर तसं स्पष्ट लिहिलं असेल तरच वापरा. काही मॉडेलांत आधी बूटलोडरची एखादी सेटिंग बदलावी लागते, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

लिहिणं चालू असताना सिरियलची खिडकी उघडी ठेवा. काय चाललंय ते दिसत असलं की मध्येच वीज काढायचा मोह होत नाही. पहिल्यांदा सुरू झाल्यावर राउटर १९२.१६८.१.१ वर भेटेल, रूटला पासवर्ड नसेल आणि वायफाय बहुधा बंद असेल. आधी पासवर्ड घाला, मग देशाचा कोड निवडा, मग वायफाय चालू करा, याच क्रमाने. देशाचा कोड चुकवला तर चॅनेल आणि शक्ती दोन्ही चुकतात.

पुढे कधी अडकलात तर

ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंग बिघडल्या आणि राउटर नेटवर्कवर दिसेनासा झाला, तर ते फेलसेफमध्ये (तुमच्या सेटिंग बाजूला ठेवून सुरू व्हायची सोय) बहुतेक वेळा निभावतं. सुरू होताना दिवा भराभर लुकलुकायला लागला की एखादं बटण दाबा. दिवा त्याहून जलद लुकलुकला म्हणजे आत शिरलात. संगणकाला १९२.१६८.१.२ द्या आणि एसएसएचने १९२.१६८.१.१ वर जा. मूळ फाइलसिस्टिम स्क्वॉशएफएसची, न बदलणारी आहे. तुमचे सगळे बदल तिच्यावरच्या ओव्हरले थरात असतात. माउंटरूट चालवून चुकलेली एक फाइल दुरुस्त करता येते, किंवा फर्स्टबूटने अख्खा थर पुसून नव्याने सुरुवात करता येते. एआरटीला या दोन्हींचा धक्का लागत नाही.

फेलसेफही येत नसेल तर सिरियल आणि मघाचीच इनिटरॅमएफएस फाइल. म्हणून ती फाइल प्रतींच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

बूटलोडरच गेला असेल तर चिपला बाहेरून प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहिणारं उपकरण) लावायचा. आठ पायांची एसपीआय चिप असेल तर क्लिप, सीएच३४१ए हा प्रोग्रॅमर आणि फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर एवढ्यावर होतं. पण सीएच३४१एच्या काळ्या बोर्डांत एक दोष फिरतोय: पुरवठा ३.३ व्होल्टचा असला तरी डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात. चिप लावण्याआधी मल्टीमीटरने मोजा. आणि चिप बोर्डावरच असताना क्लिपमधून दिलेली वीज मुख्य प्रोसेसरही ओढतो, त्यामुळे वाचन दरवेळी वेगळं येऊ शकतं. तीन वेळा वाचा. तिन्ही बेरजा जुळत नसतील तर काहीही न लिहिता चिप बोर्डावरून उतरवा.

२०२४ च्या अखेरीस आलेल्या ओपनडब्ल्यूआरटी वन या बोर्डात हा सगळा विचार आधीच केलेला आहे. मुख्य फर्मवेअर नँडमध्ये, सावरायला लागणारं सामान नॉर प्रकारच्या वेगळ्या फ्लॅश चिपमध्ये, दोहोंतून निवडायला एक छोटा स्विच, आणि सिरियल कन्सोल थेट यूएसबी-सी सॉकेटवर. नवीन घ्यायचाच असेल तर मी तोच सुचवते.

जुन्यांसाठी मात्र खोकं बंद करताना हेडरच्या समोर प्लास्टिकला चार पिना बाहेर येतील एवढी खाच करा, आणि स्टिकरच्या शेजारी बॉड आणि पिनांचा क्रम कायमच्या शाईने लिहून ठेवा: ग्राउंड, टीएक्स, आरएक्स, आणि चौथीवर फुली.